एका फुंकणीला दोघे

मेहुणा: ही पण वाकडी झाली, दाजी. एका अंगाला ढेरी सुटल्यासारखी. असली बरणी कोण घेणार?

दाजी: काच गार झाली की तसंच होतं.

मेहुणा: गार का झाली पण? तुम्ही फुंकायचं, फुंकणी माझ्याकडे द्यायची, पुढचं मी फुंकायचं. इतकी वर्षं हेच चाललंय. हल्ली मधेच तिचं तोंड पुसत बसता.

दाजी: स्वच्छता बरी असते.

मेहुणा: ताईनं सांगितलंय मला. तुमच्या एचआयव्हीचं.

दाजी: मग दुसरा जोडीदार बघ. माझी थुंकी तुझ्या तोंडात जाते. तुला काही झालं तर तिला काय तोंड दाखवू?

मेहुणा: म्हणून तर दवाखान्यात जाऊन आलो. तुमचं नाव नाही घेतलं. थुंकीतून नाही पसरत.

दाजी: नीट विचारलंस?

मेहुणा: डोकं खाल्लं डॉक्टरीणबाईंचं. उष्टा पेला, खोकला, घाम, डास, सगळं विचारलं. कशातूनच नाही.

दाजी: आणि ओठ फुटला असला तर?

मेहुणा: रक्त येत असलं तर त्या दिवशी फुंकायचं नाही. एवढं साधं.

दाजी: मग पसरतो तरी कशानं?

मेहुणा: निरोध न वापरता संबंध आला तर. एकाची सुई दुसऱ्याला टोचली, तसलं रक्त चढवलं तर. आईकडून बाळाला, पोटात, बाळंतपणात, नाहीतर अंगावरच्या दुधातून. तेही औषधांनी टाळता येतं म्हणे. आणि रोज गोळ्या घेऊन रक्तात विषाणू सापडेनासा झाला, आणि पुढंही सापडला नाही, तर संबंधातूनही जात नाही.

दाजी: माझ्या रक्तात आता सापडत नाही. तुझ्या ताईची तपासणीही चांगली आली. तरी माझं मन घेत नाही. मी बाहेरच्या खोलीत झोपतो.

मेहुणा: ठाऊक आहे. त्याचंच रडू येत होतं तिला. आजाराचं नाही.

दाजी: कुठून आला, ते नाही विचारलंस.

मेहुणा: ताईला माहीत आहे ना? मग मला नको. फुंका आता, काच तापलीये.

(दाजी फुंकतो. त्याचा हात फडक्याकडे जातो.)

मेहुणा: राहू द्या ते. द्या इकडं. (न पुसताच फुंकणी तोंडाला लावून फुंकतो.)

दाजी: …सरळ आली रे.

मेहुणा: गार झाली की ताईला न्या. आतल्या खोलीत ठेवा, स्वतः जाऊन.