कंडक्टरच्या कंपाऊंडातलं आयरिस

माहा जनम धाड गावचाच. आजा रोपं करून बाजारात विके, बाप तेच करे, आन मीबी तेच करतो, मिरची, वांगे, टमाटे, कोबी, जे म्हणसान त्याचं रोप आमच्या घरामागच्या वाफ्यात. काय सांगू तुमाले, लांबून लांबून लोक जीप करून येतात आन म्हणतात, भाऊ, तुमच्या हातचं रोप मरत नाई. हे मी सांगत नाई, लोक सांगतात, मी फक्त ऐकतो आन पुन्हा एकदा सांगा म्हणतो. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढं माही इज्जत जाणार हाय.

तं आमच्या शेजारी एक बसचा कंडक्टर रिटायर होऊन राह्याले आला. जलमभर तिकिटं फाडलेला माणूस, त्याले पालक कोणती आन मेथी कोणती हे बायको सांगे. घराच्या पायव्यातून निघालेला मुरूम त्यानं कंपाऊंडापाशी तसाच पसरून ठेवला. म्हटलं, मुरमात काय येते, गोटे येतात. तिथं त्यानं बहिणीकडून आणलेलं आयरिस नावाचं फुलझाड लावलं, ठिपक्याची जात. पात तलवारीसारखी, फूल नारिंगी, त्यावर लाल ठिपके. सकाळी उमलते, सांजच्याले फडकं पिळावं तसं पिळून बसते, आन दुसऱ्या दिवशी दुसरं तयार.

श्रावणात एक दिवस मी चहासाठी हाक मारतो तं मंदा, म्हणजे आमची मंडळी, घरात नाई. पाहतो तं कंपाऊंडावर कोपरं टेकून ते फूल पाहून राह्यली, आन तोंडावर असं हासू, का तसं आमच्या लग्नाच्या फोटोतबी नाई. मी बाजूले जाऊन उभा राह्यलो, खोकललो, ती हालली नाई. काय पाहून राह्यली व, म्हटलं. तं म्हणे, किती सुरेख हाय. सुरेख! पंचवीस वर्षं झाली लग्नाले, माया वांग्याच्या रोपाले ती जास्तीत जास्त बरं हाय म्हणाली असंन. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथं. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

मी सरळ बुलढाण्याची नर्सरी गाठली. निळं आयरिस दाखव म्हटलं, कारण शेजाऱ्याचं ठिपक्याचं, आपलं त्याच्याहून वरचढ पाह्यजे. नर्सरीवाला म्हणे, काका, ही थंड मुलखातली जात, आपल्याकडं जगली तरी नुसती पात येईन. मले शिकवते का बे, म्हटलं, मी धाडचा रोपवाला. त्यानं हात जोडले आन गड्डा दिला.

गड्डा दिसाले हळदीसारखा, मंग मी हळदीसारखाच लावला, चांगला खोल, काळीभोर माती, शेणखत, वरून रोज पाणी. मंदा म्हणे, इतकं तं माया बाळंतपणात नाई केलं तुमी. पंधरा दिवसांनी उकरून पाह्यलं तं सडक्या कांद्यासारखा लगदा. दुसऱ्या वर्षी ठिपक्याचं आणलं, दुप्पट खत, दुप्पट पाणी, तं ते आठ दिवसातच सडलं. आन इकडं कंडक्टरचं आयरिस फुटून फुटून कंपाऊंडाच्या टोकाले पोचलं. बाजाराले जाणाऱ्या बाया थांबून पाहात. एक दिवस ऐकतो तं मंदा त्याले सांगून राह्यली, आमच्या यांच्या हातून नाई जगत. आता हे तिनं कोणालेही सांगावं, पण कंडक्टरले?

मंग मी एक काम केलं, ते सांगावं का नाई, पण सांगतो. दुपारी कंडक्टर घोरत असताना पाण्याचा पाइप त्याच्या आयरिसात सोडला, चांगला अर्धा घंटा. म्हटलं, सड आता. तं पाणी पडे आन गडप होये, पडे आन गडप होये, गड्डे कोरडेच्या कोरडे. मी पाइप हातात धरून तसाच उभा. इतक्या वर्षांचा रोपवाला मी, आन मले पाप करताना कळलं का त्या झाडाले माही काळी माती नाई, त्याचा मुरूम पाह्यजे.

आता मुरूम मांगाले त्याच्याच दारी जाणं आलं. गेलो. त्यानं खुशीनं चार घमेले मुरूम देला, गड्ड्याचा तुकडा देला, आन मले, मले बरं का, समजावून सांगे, भाऊ, याची पाठ मातीत पुरू नका, उघडी ठेवा, ऊन लागू द्या. मी हो म्हटलं. मी निघताना तो हळूच म्हणे, आन पाइप आता तुमच्याच बाजूले ठेवजा.

गेल्या श्रावणात माया दारात फूल आलं. मंदाले हाताले धरून आणलं. कसं हाय, म्हटलं. सुरेख, म्हणे. त्याच्यापरीस, म्हटलं. ती म्हणे, एकाच गड्ड्याचं हाय ना. पण कसं वाटते, म्हटलं. बरं वाटते, म्हणे. सांगतो तुमाले, त्या दिवशी मी तिले सात खेपा तरी विचारलं असंन. आन दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तं मंदा पुन्हा त्या कंपाऊंडावर कोपरं टेकून. म्हटलं, आता काऊन व? आता तं आपल्या घरी हाय. तिनं मानबी फिरवली नाई. म्हणे, इथं कोणी कसं हाय, कसं हाय म्हणून जीव खात नाई.

तवापासून फुलाच्या दिवसात मी चहा न घेता वाफ्यावर निघून जातो. ती कोणतं फूल पाहते हे विचारायचं नाई, असं ठरलं हाय, म्हणजे माहं मीच ठरवलं. वाफ्यात बसलं का मिरचीच्या रोपावरून तिचा पदर तेवढा दिसते. कधी त्या बाजूले दिसते, कधी आपल्या. आज आपल्या बाजूले होता, लय वेळ होता, मी मोजत नव्हतो. माणूस चांगला हाय हो तो. देव त्या कंडक्टरले शंभर वर्षं देवो. फुलं मात्र थोडी कमी देवो.