फडताळाचा केक

दवाखान्याच्या बाकावर सुताराशेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. बायको गेल्यापासून तिच्या फडताळातला एकही डबा त्याने हलवला नव्हता. आज दुपारी मुलगी येऊन सगळं फेकून देणार होती.

"वहिनी, कालचा केक कसला होता गं?"

"फडताळाचा. मुदत संपत आलेलं जे सापडलं ते घातलं. रवा, कोको, मनुका, आटवलेल्या दुधाचा डबा."

"अंडी?"

"नव्हती. दही ढकललं."

"आणि फसला असता तर?"

"पुडिंग म्हणून वाढला असता. तुझ्या दादाला सांगू नकोस हं. ते पावावरची तारीखसुद्धा चष्मा लावून वाचतात."

"त्याने तर दोनदा मागून खाल्ला!"

सुतार खाकरला. "ताई, कोकोची तारीख उलटली असली तर?"

"वास घ्या, काका. बरा आला तर घाला."

"रव्यात किडे झालेत, बरणीबाहेरूनच दिसतात."

"मग तो टाका. कणीक चालते."

"ओव्हन नाही."

"कुकर घ्या. तळाला मीठ, आणि शिट्टी काढून ठेवा. पण करणार कोण? काकू?"

"मीच."

आतून हाक आली.

"काका, तुमचा नंबर," भावजय म्हणाली.

"तुम्ही जा. मुलगी यायच्या आत मला घर गाठायचंय."