सिद्रामअण्णांचा शेवटचा फोन

मंडळी, तुम्ही एवढ्या उन्हात आलात. अक्का, अण्णांचा जन्मभर संसार केलात, आज तुम्हीही येऊन बसलात. मी लोकांना हसवतो आणि अण्णांचा दोस्त होतो, म्हणून मला बोलायला उभं केलंय. पहिलं आज जमणार नाही. दुसऱ्याचं काय ते तुम्ही शेवटी ठरवा.

अण्णांना जाऊन आठ दिवस झाले. मला अजून पटलेलं नाही. फोन वाजला की आधी वाटतं, अण्णाच.

अण्णा रेडिओवर आले तेव्हा मी शाळेत होतो. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात ते तात्या व्हायचे. अख्ख्या जिल्ह्याला वाटायचं, तात्या म्हणजे सहा फुटी गडी, झुबकेदार मिशा. पुढे टीव्ही आला आणि अण्णा मालिकेत दिसले. मंगळवेढ्याचा एकजण ज्वारीचं पोतं घेऊन थेट घरी आला. दारात अण्णांना बघून म्हणाला, "तात्या हाईत का घरात?"

"मीच की."

"तुमी न्हवं. ते उंच हाईत."

पोतं मात्र ठेवून गेला. अण्णा मला लेखकू म्हणायचे. म्हणाले, "लेखकू, टीव्हीनं माझी उंची कापली बघ."

टीव्हीवरही ते माइकसमोर उभं राहिल्यासारखेच उभे. दिग्दर्शक म्हणाला, जरा हात हलवा. अण्णा म्हणाले, "सायेब, हात ऐकू येत न्हाईत." त्यानंतर त्यांना बसलेल्या म्हाताऱ्यांचीच कामं मिळाली. तीस-पस्तीस वर्षं बसून काढली आणि उभ्या नटांना खाऊन टाकलं. आज व्यासपीठावर त्यातले दोघं आहेत. त्यांना माहीत आहे.

आता जे सांगायचंय ते सांगतो. पाणी नको, राहू द्या.

अण्णांची तालमीची एक रीत होती. ते फोनवर तालीम करायचे. मोबाइलवर नाही. म्हणायचे, मोबाइल श्वास गिळतो. घरातल्या त्या जुन्या फोनवरून लावायचे, आणि हॅलो न म्हणता थेट सुरू. मी एकदा चिडलो, निदान सांगून तरी सुरू करा. म्हणाले, "सांगून सुरू केलं की तू ऐकत न्हाईस, मार्क देतोस."

मी नवीन श्रुतिका लिहिली होती. शेवटी म्हातारा छातीत कळ येऊन जातो. बुधवारी सकाळी रेकॉर्डिंग होतं. त्याआधीचा आठवडाभर अण्णा मला रोज फोन करून मरत होते. रोज वेगळे. मी रोज चुका काढत होतो. कण्हणं जास्त झालं. आज फार पटकन गेलात. आमचा धंदाच असा, मंडळी. आम्ही मरणालासुद्धा सूचना देतो.

मंगळवारी दुपारी तीनला फोन वाजला. हॅलो नाही. श्वास. मग, "छातीत... लेखकू... पाणी..."

मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, "अण्णा, पाणी माझ्या संहितेत नाही. आणि लेखकू तर नाहीच. पण ही जागा झकास घेतलीत. असंच ठेवा."

पलीकडून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, तांब्या पाडला. आवाजासाठी ते असलं काही करायचे. मी वर म्हणालो, "तांब्या नको, भडक होतं." आणि फोन ठेवला. ठेवून चहा केला. खूश होतो, मंडळी. मनात म्हणालो, म्हाताऱ्याला आज सापडलं.

अक्का, तुम्ही देवळातून परत आलात तेव्हा रिसीव्हर लोंबत होता. त्या दिवसापासून येईल त्याला तुम्ही एकच विचारताय, हे शेवटी कुणाशी बोलत होते? मलाही विचारलंत. मी मान खाली घातली. तुम्हाला वाटलं, रडतोय.

माझ्याशी बोलत होते, अक्का.

डॉक्टर म्हणाले, कळलं असतं तरी उपयोग झाला नसता. डॉक्टर सभ्य माणूस आहेत. माझं घर तुमच्या घरापासून चार मिनिटांवर आहे. मी त्यांच्या म्हणण्यावर जगू शकत नाही, आणि तुम्हीही माझ्यासाठी ते खरं मानू नका. हे मी घरी येऊन तुम्हाला एकट्यांना सांगायला हवं होतं. तीन वेळा दारापर्यंत आलो. धीर झाला नाही. इथे एवढे लोक आहेत, म्हणून पळता येत नाहीये.

तुम्ही मान हलवलीत. ती कशासाठी, हे मी आज विचारणार नाही.

मंडळी, आता दोन मिनिटं उभे राहू. अशा वेळी फोन बंद करा असं सांगतात. मी सांगणार नाही. कुणाचा वाजला तर लाजू नका. बाहेर जा आणि घ्या. पलीकडचा काय म्हणतोय ते नीट ऐका. आणि आधी विचारा, खरंच का?

अण्णा, नमस्कार.