चिंधी बांधलेली वांगी आणि सोमवारचा धडा

आदरणीय अध्यक्ष अभिमनआबा, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती प्रेमराज सर, सरांसोबत आलेल्या दिपमालाताई, शिक्षक बंधू-भगिनी, पालक आणि विद्यार्थी मित्रांनो, नमस्कार. मी हेमांगी, या पिंप्राळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवते.

दहावीचा उत्क्रांतीचा धडा आजवर सरांनीच शिकवला, तोही शाळेमागच्या भरताच्या वांग्यांवर. वाफ्यातली सगळ्यांत मोठी वांगी निवडून पोरं त्यांना लाल चिंधी बांधतात. ती खायची नाहीत, बियाण्यासाठी ठेवायची. वर्षागणिक वांगं कसं बदलत गेलं, ते पोरांनी डोळ्यांनी पाहिलंय.

शाळा समितीच्या मागच्या बैठकीत आबा म्हणाले, "मॅडम, वांगानं वांगंच राहस ना? माकडना माणूस व्हताना कोनी दखं? परीक्षेपुरतं लिहून द्या, धडा गाळा." तेव्हा सर होते, त्यांनी निभावून नेलं. सोमवारपासून हा धडा माझ्याकडे आहे, आणि हे ठरल्यापासून अन्न गोड लागत नाही हो!

त्यात आज सकाळी काय व्हावं? आजच्या जेवणाच्या भरतासाठी स्वयंपाकाच्या मंदाबाईंनी नेमकी चिंधीवाली वांगी तोडली. मी धावत गेले तर कपाशीच्या वाळक्या काट्यांच्या आगीत चिंध्या जळत होत्या. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "माले वाटनं, चिंधी बांधेल म्हणजे सरसाठीच राखेल शेतस!" मला रडूच फुटलं. सोमवारी पोरांना दाखवू काय? सर मात्र पोट धरून हसले. म्हणाले, "अगं, मागे राहिलेल्या बारक्यांचं बी धर. पुढच्या वर्षी काय येतं, ते पोरांनाच बघू दे."

मी विचारलं, "आणि आबांचा प्रश्न?" सर म्हणाले, "जेवढं माहीत आहे तेवढं सांग. नाही ते नाही म्हण. विचारणाऱ्याला खाली बसवू नकोस."

म्हणून भीत भीत सांगते, आबा. आपण पाहिली ती थोड्या वर्षांची वांगी. पृथ्वीच्या हाताशी कोट्यवधी वर्षं होती. आणि आजचं माकड आपला आजोबा नव्हे, लांबचा भाऊबंद आहे. हसू नका रे मागे! आबा, तुमचे दोन्ही मुलगे समोर बसलेत. एकाच आईची लेकरं, एक घाऱ्या डोळ्यांचा, एक काळ्या. हा फरक आला कुठून? हे पोरांनी विचारायचं नाही तर कुणी? तुम्ही नोटीस दिलीत तरी मी धडा शिकवणार आहे. सोमवारी वर्गात या, पोरांसमोर तोच प्रश्न विचारा. मी उत्तराला अडले तर अडले.

सर, तुमच्याशिवाय मला फार भीती वाटते. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. सर्वांचे मनापासून आभार. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल, बोलण्यात अधिक-उणं झालं असेल, ते पोटात घाला. धडा तेवढा गाळायला सांगू नका.