जिंजरचा ढेकर

सोलापूरच्या स्टँडावर अक्कलकोटच्या गाडीला रांग लागली होती. शिवबाईंपुढं निंगप्पा आणि त्याचा मेहुणा तिप्पण्णा उभे होते. निंगप्पाच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली जिंजर सोड्याची गोटीची बाटली होती.

“पावन्यांच्या म्हाताऱ्यानं काल आपल्या गावचं जिंजर पिलं, आन् ढेकरच दिला न्हाय.”

“न्हाय दिला तर न्हाय, दाजी.”

“अरं, त्यांच्या घरात म्हाताऱ्याचा ढेकर म्हंजे होकार. त्यो आला न्हाय तर माझ्या पोरीचं लगीन मोडलं की.”

“म्हातारा कुटं हाय?”

“माझ्या कट्ट्यावर. कालपासनं बसलाय. त्यो बी वाट बगतोय.”

“ह्यानं येईल?”

“सोलापूरचं हाय. आल्याचा झणका पार नाकात जातो म्हनं.”

“म्हनं? पिऊन बगितलं न्हाय?”

“एकच बाटली घावली.”

शिवबाईंच्या घरात त्यांना विचारल्याशिवाय मीठसुद्धा येत नसे. त्यांना राहवेना.

“पारख न करता सोयऱ्याफुडं ठिवनार? आना हिकडं. घोटभर बगते.”

त्यांनी अंगठ्यानं गोटी दाबली आणि वरून घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं. मग दुसरा घेतला, तिसरा घेतला. बाटली रिकामी झाली, तेव्हा असा ढेकर आला की चौकशीच्या खिडकीतला माणूस उठून उभा राहिला.

निंगप्पानं बाटलीकडं पाहिलं, मग शिवबाईंकडं. पटका सारखा करून त्यानं हात जोडले.

“अव्वा, तुमचा नातू लग्नाचा हाय का?”

“हाय की. पर पोरगी बगायला मी येईन, तवा असल्या दोन बाटल्या ठिवा. एका ढेकरावर मी नातू देत न्हाय.”