पाटाखालची सही

मंडळी, बसा नीट! आणि मला एवढं सांगा — कलावंतानं सही कुठं करावी? वर की खाली? लोकांनी वाचावी म्हणून, की देवानं वाचावी म्हणून?... काय हो काका, हसताय कशाला? तुम्ही तर देवळाच्या पंख्यावरसुद्धा नाव घातलंय! पंखा फिरला की दिसत नाही, एवढंच!

तर ऐका. कुडाळकडच्या एका गावात दाजी मेस्त्रींची गणपतीची शाळा. शाळा म्हणजे मूर्ती घडवायची जागा बरं का! विद्यार्थी चाळीस, सगळे मातीचे, आणि एकही पळून जात नाही! तिथली रीत अशी, की नागपंचमीला घराघरातून आपापला लाकडी पाट शाळेत यायचा. पाटाखाली घराण्याचं नाव. त्याच पाटावर मूर्ती घडायची आणि त्याच पाटावरून डोक्यावर बसून घरी जायची. आज्यापणज्यांपासून पाट तोच!

दाजींचा हात थरथरू लागला, तशी लेक हेमांगी मुंबईहून आली. लेक मोठी हुशार! बिस्किटाचा पुडा, साबणाचं वेष्टन, दुकानाची पाटी... तिनं आखलं की माल उठलाच. तिनं शाळा पाहिली. कुठला पाट काळा, कुठला फुटका, एकाचा पाय आखूड! म्हणाली, "दाजी, आपल्या शाळेला काही ओळख नको का?"

दाजी म्हणाले, "ओळख? ती पाटाखाली आसा."

पण ऐकतंय कोण! तिनं पाटांवर मशीन फिरवलं, खालची नावं घासून काढली, सगळ्यांना एकच गेरूचा रंग दिला. मूर्तींचं रूपही एकच. आणि पाटाच्या समोरच्या कडेवर, ठसठशीत सोनेरी अक्षरात — 'हेमांगी'! चाळीस मूर्ती, चाळीस सह्या. काम देखणं झालं होतं, मंडळी! खोटं कशाला बोलू? तिला स्वतःच्या हातांचा अभिमान वाटला, आणि वाटावा असंच काम होतं ते.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी माणसं आली. टाळ, ढोलकी, फुलं! पुढं सगुणाकाकी राऊळ. एकटी बाई, नवरा जाऊन सहा वर्षं झाली. ती म्हणाली, "चेडवा, माझो पाट खंय आसा?"

"काकी, सगळे सारखेच आहेत. कुठलाही न्या!"

टाळ थांबले! काकीनं मूर्तीला हात जोडले. "गणपती सुंदर आसा गो. पण पाट माझो नाय, तर ह्यो माझ्या घराक कसो येतलो?" आणि ती पायरीवर बसली. तिच्यामागं सगळं गाव बसलं! उद्या चतुर्थी, आणि चाळीस घरांचे गणपती शाळेतच! हेमांगीनं बापाकडं पाहिलं. लाज वाटली तिला. स्वतःचं काम पहिल्यांदाच परकं वाटलं.

मग ती काकीसमोर जाऊन बसली. "काकी, चुकले. नाव पुसलं मी. आता कसं ओळखायचं?"

"डोळ्यांनी नाय. हातांनी!"

दोघातिघांनी एकेक मूर्ती पाटासकट अलगद उचलून धरायची, काकीनं खालून बोटं फिरवायची. हा नाही... हा नाही... सतराव्या पाटाखाली हात थांबला. "गावलो! हंयसर खाच आसा. आमच्या ह्यांची पटाशी घसारलेली, लगीन झाला त्याच वर्साक!" आणि मंडळी, बाई रडली! हसत हसत रडली!

मग काय! कुणाला जळका डाग हाताला लागला, कुणाला आखूड पाय, कुणाला आजोबांनी मारलेला खिळा. हेमांगी प्रत्येकाच्या बोटामागून आपलं बोट फिरवत होती. चाकू घेऊन ती काकीच्या पाटावरची सोनेरी सही खरवडायला गेली, तर काकी म्हणाली, "राव दे गो, बरी दिसता. फुडल्या वर्साक लिव, पण खाली. आमच्या बाजूक."

शेवटी एकच मूर्ती उरली. "ही कुणाची?" दाजी म्हणाले, "आपली." तिनं खाली हात घातला. काय लागलं असेल? खोल कोरलेलं, वेडंवाकडं एक अक्षर — 'ह'! अर्धवट मात्रेसकट! पाच वर्षांची असताना खिळ्यानं कोरलं होतं तिनं, आणि दाजींनी तेवढ्यावरच तिचा हात धरला होता. मशीन फिरलं, रंग चढला, पण अक्षर गेलं नाही. लेक बापाच्या पायाशी बसली आणि मूर्ती दोघांनी मिळून उचलली.

आता तुमच्याकडं वळतो! हो, पंख्यावाले काका, तुमच्याकडंच! घराला रंग देता, देवळाला फरशी घालता, चांगलं करता. पण घासताना खाली कुणाची खाच आहे, हे हात लावून पाहता का? उद्या आरतीआधी आपापल्या पाटाखाली एकदा बोटं फिरवा. ज्याची खूण हाताला लागेल, त्याचं नाव मोठ्यानं घ्या. आणि काहीच लागलं नाही, तर घरातल्या सगळ्यात लहान पोराच्या हातात खिळा द्या... आणि ओरडू नका त्याच्यावर! उचला टाळ!