मुठीतली यादी

(स्वयंपाकघरातलं टेबल. लॅपटॉप उघडा, फोन स्पीकरवर.)

दीर : वहिनी, आधी पासवर्ड सांगा. बाकीचं मागाहून बोलू.

वहिनी : मागाहून तुम्ही बोलत नाही, भाऊजी. पत्र पाठवता. बसा.

दीर : अहो, रुग्णवाहिकांचा सगळा कारभार अडकलाय!

ऑपरेटर : मॅडम, मी नियंत्रण कक्षातून बोलतेय. पडदा चाळीस सेकंद गोठतो, दहा सेकंद चालतो. गाड्या कागदावर लिहून वायरलेसवर सांगतोय. पण कुठली गाडी कुठे आहे तेच दिसत नाही.

वहिनी : बंद करून चालू करा.

दीर : सगळं वर यायला वीस मिनिटं लागतात. ऐन गर्दीची वेळ. म्हणून तर तुमच्याकडे आलो.

वहिनी : आलात खरे. सख्खा भाऊ टाके घालून महिनाभर आतल्या खोलीत पडला होता, तेव्हा रस्ता सापडत नव्हता.

दीर : चूक कुठे आहे तेवढं सांगा ना.

वहिनी : तुम्हीच सांगा. भर सभेत शिकवलं होतंत, या भाषेत मेमरी आपल्याला आवरावी लागत नाही.

दीर : नाहीच लागत. खाली रनटाइम असतं, ते आवरतं. नको ते गोळा करून टाकतं.

वहिनी : नको ते कुठलं, हे त्याला कसं कळतं?

दीर : परीक्षा घेताय माझी?

वहिनी : हो.

दीर : चालू प्रोग्रामपासून माग काढत जातं. ज्याला कोणीच धरलेलं नाही, ते नको असलेलं.

वहिनी : आणि धरून ठेवलं असेल तर?

दीर : राहतं. सोडेपर्यंत.

वहिनी : म्हणजे सफाईवाला घर झाडेल, तुमची मूठ उघडणार नाही. आता दालनातल्या पडद्यावरचा तो आकडा आठवा. ‘आजवर इतक्या जणांना मदत.’ पाहुण्यांना दाखवायला एका दुपारी हौसेनं लिहिलात.

दीर : तो नुसता आकडा आहे, वहिनी.

वहिनी : आकडा हवा होता तर दर कॉलला एक वाढवायचा. तुम्ही अख्खा कॉल यादीत ठेवलात. पत्ता, नकाशा, आवाजाची नोंद, सगळ्यासकट. आणि यादी किती लांब झाली ते मोजत बसलात. त्यातला एकही कॉल सुटत नाही. मेमरी भरत आली की रनटाइम सगळी कामं जागच्या जागी थांबवतं, कोपरान् कोपरा धुंडाळतं, हाती काही लागत नाही. दहा सेकंदांनी पुन्हा तेच.

दीर : मग इतकी वर्षं कसं चाललं?

वहिनी : दर रविवारी, फोन कमी असताना, मी बंद करून चालू करायचे. मी गेल्यावर रात्रपाळीतले करत आले, या रविवारी राहिलं असणार. तीनदा लिहून दिलं, यादी काढा. तुमचं उत्तर काय? ‘आकडा साहेबांना आवडतो.’

दीर : मला वाटलं, उगाच बाऊ करताय.

वहिनी : एक रविवार चुकला. ऑपरेशनला तुमच्या भावाचं पोट उघडलं होतं, मी दवाखान्यात बाहेर बाकावर होते. सोमवारी यंत्रणा अडकली, मंगळवारी पत्र. ‘निष्काळजीपणा.’ खाली तुमची सही.

दीर : वरून दबाव होता.

वहिनी : दबाव तुमच्यावर, नोकरी माझी. छान वाटणी.

ऑपरेटर : सर, एक फोन अडकलाय. एका बाईंना धाप लागलीये. दोन गाड्यांना विचारलं, दोन्ही लांब. तिसरी वायरलेस उचलत नाही.

दीर : वहिनी, पाया पडतो तुमच्या.

वहिनी : पाय राहू द्या. चालू यंत्रावरच ती यादी रिकामी करता येते, तशी सोय मी करून ठेवली होती. हं, उघडलं. बसा माझ्या जागी.

पडदा : यादी रिकामी करण्याचे कारण लिहा.

दीर : ‘देखभाल.’

पडदा : कारण अपुरे आहे.

दीर : हे कोणी केलंय?

वहिनी : मीच. पुसायचं तर कशासाठी ते सांगावं लागतं. मी सांगते तसं लिहा. ‘ही यादी मी लिहिली.’

दीर : वहिनी, हे सगळ्यांच्या मेलवर जातं.

वहिनी : वरच्यांच्यासुद्धा. आणि मागे घेता येत नाही.

दीर : आधी सुरू तर होऊ द्या. संध्याकाळी लिहून देतो, शप्पथ.

वहिनी : शपथा ठेवा. लिहा, नाहीतर लॅपटॉप मिटते.

ऑपरेटर : मॅडम, बाईंचे यजमान ओरडतायत फोनवर. काय सांगू?

वहिनी : सांगा, गाडी येतेय. भाऊजी, ‘तीनदा बजावूनही काढली नाही.’

दीर : ‘...काढली नाही. वहिनींवर...’

वहिनी : वहिनी घरात. तिथे मी मुख्य प्रोग्रामर होते.

दीर : ‘मुख्य प्रोग्रामरवर ठपका ठेवला, तो खोटा होता.’ झालं?

वहिनी : ‘हे मला तेव्हाही माहीत होतं.’

दीर : नव्हतं माहीत!

वहिनी : भाऊजी.

दीर : ...‘माहीत होतं.’

वहिनी : आता दाबा.

पडदा : नोंद झाली. यादी रिकामी केली.

ऑपरेटर : नकाशा आला! सर, तिसरी गाडी बाईंच्या मागच्याच गल्लीत उभी आहे. सांगितलं, निघाली.

दीर : झालं तुमचं समाधान?

वहिनी : झालं. तीन महिन्यांनी आज पोटभर जेवेन.

दीर : माझी नोकरी जाईल आता.

वहिनी : बाकावर बसायची सवय करा.

ऑपरेटर : सर, गाडी पोचली. बाईंची शुद्ध गेलीये, श्वास चालू आहे. मॅडम, मिनिटभराचा रस्ता होता. सात मिनिटं गेली. यजमान विचारतायत, इतका वेळ कशात गेला?

दीर : त्यांना सांगा, यंत्रणेत बिघाड—

वहिनी : थांबा, भाऊजी. ताई, त्यांचा फोन माझ्याकडे जोडा.